मुंबईत मालमत्ता कर रास्त व्हावा म्हणून काय करायचं: बिल वाचण्यापासून अपिलापर्यंत

मालमत्ता कराचं बिल आलं की सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवस कल्ला होतो, कोणी लिहितं लूट चाललीय, कोणी जुना फॉरवर्ड टाकतं की आता सगळ्यांचाच कर माफ झाला, तिसऱ्या दिवशी सेक्रेटरी चेक देऊन टाकतो आणि विषय पुढच्या बिलापर्यंत बंद. हे मी बरीच वर्षं बघतोय. राग खरा असतो पण तो जिथे पोचायला पाहिजे तिथे पोचतच नाही, कारण कुठली तक्रार कोणाकडे करायची हेच कोणाला माहीत नसतं. तेवढं कळलं तरी अर्धं काम होतं, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

कर एक, दारं चार

तुमच्या बिलावरचा आकडा एका माणसाने एका टेबलावर ठरवलेला नसतो. घराचं क्षेत्रफळ, वापर (राहतं घर की दुकान-ऑफिस), इमारतीचं वय, बांधकामाचा प्रकार या नोंदी वॉर्ड ऑफिसमधल्या करनिर्धारण व संकलन खात्याकडे असतात. कराचा दर किती टक्के हे महापालिका ठरवते. जमिनीचा आणि फ्लॅटचा जो बाजारभाव धरतात तो रेडी रेकनरमधून, म्हणजे भागनिहाय सरकारी दरांच्या तक्त्यातून येतो आणि रेडी रेकनर काढतो राज्य सरकारचा नोंदणी व मुद्रांक विभाग. आणि कर मुळात कशावर लावायचा, कोणाला माफ करायचा, हे सगळं मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८ मध्ये आहे, आणि तो कायदा बदलायचा तर विधिमंडळातच बदलतो.

आता बघा, रेडी रेकनरच्या दराची तक्रार घेऊन आपण वॉर्ड ऑफिसात जातो, तिथला माणूस म्हणतो आमच्या हातात नाही, तो खरंच बोलत असतो, आणि आपण चिडून परत येतो. उलट क्षेत्रफळ चुकलंय म्हणून कोणी आमदाराकडे जातं, तिथे पत्र मिळतं, फोटो निघतो, क्षेत्रफळ तसंच राहतं. म्हणून कागद घ्या आणि स्वतःची तक्रार एका ओळीत लिहा, मग ती यातल्या कुठल्या दाराची आहे ते ठरवा. दोन दारांच्या असतील तर दोन वेगळी पत्रं लिहायची, एकात सगळं कोंबायचं नाही.

बिल घेऊन शांतपणे बसा

एप्रिल २०१० पासून मुंबईत भांडवली मूल्यावर, म्हणजे मालमत्तेच्या बाजारभावावरून काढलेल्या किमतीवर कर आहे. त्याआधी भाड्यावर आधारलेलं करयोग्य मूल्य होतं, म्हणजे घर भाड्याने दिलं तर वर्षाला किती येईल त्यावर हिशोब. भाडेनियंत्रणामुळे दक्षिण मुंबईतल्या जुन्या इमारतींची भाडी गोठलेली, त्यामुळे मोक्याच्या जागी कर नावाला आणि लांबच्या उपनगरात नवीन फ्लॅट घेतलेल्याला जास्त, असा तो उलटा प्रकार होता. म्हणजे सिस्टिम बदलली ती न्यायाच्याच नावाने, हे लक्षात ठेवा, कारण तुम्ही मागणी घेऊन गेलात की समोरून हाच मुद्दा येणार आणि तो चुकीचा नाही.

हिशोब ढोबळमानाने असा: रेडी रेकनरचा दर गुणिले क्षेत्रफळ, त्याला बांधकामाचा प्रकार, वय आणि वापर यांचे भारांक (कमी-जास्त करणारे गुणक) लागतात, जुन्या इमारतीला थोडा कमी, दुकान-ऑफिसला बराच जास्त. त्या भांडवली मूल्यावर टक्केवारीने कर. आणि तो कर पण एक नाही, खाली यादी असते: सर्वसाधारण कर, जल कर, जललाभ कर, मलनिःसारण कर, मलनिःसारण लाभ कर, महापालिका शिक्षण उपकर, राज्य शिक्षण उपकर, वृक्ष उपकर, पथ कर. ही यादी कंटाळवाणी वाटते पण ओळ न ओळ वाचा. २०१९ मध्ये ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना माफी जाहीर झाली तेव्हा लोकांना वाटलं बिल शून्य येणार, प्रत्यक्षात फक्त सर्वसाधारण कर माफ झाला होता आणि बाकीच्या ओळी तशाच राहिल्या. पूर्ण माफी मिळायला २०२२ चा जानेवारी उजाडला. ज्यांनी ओळी वाचल्या होत्या त्यांनाच नेमकं बोलता आलं.

बिल वाचताना हे तपासा. क्षेत्रफळ कारपेट (भिंतींच्या आतलं) धरलंय की बिल्ट-अप (भिंती धरून), आणि ते तुमच्या ॲग्रीमेंटशी, मंजूर प्लॅनशी जुळतं का. बिल चौरस मीटरमध्ये असतं, ॲग्रीमेंट बऱ्याचदा चौरस फुटात, तर १ चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट. माफीची रेषा ४६.४५ चौरस मीटर कारपेट आहे, म्हणजेच ५०० चौरस फूट. तुमचं घर ४७-४८ मीटर दाखवलं असेल तर टेप घेऊन बसाच, कारण ही रेषा कड्यासारखी आहे, ४९९ वाल्याला शून्य आणि ५०१ वाल्याला पूर्ण घराचा कर, मधे उतार नाहीच. मला विचाराल तर आज सगळ्यात मोठा अन्याय हाच आहे, त्यावर पुढे बोलतो.

वापर बघा. आधीच्या मालकाने घरात कधी क्लिनिक किंवा क्लास चालवला असेल आणि तुम्ही राहायला आल्यावर ती नोंद तशीच राहिली असेल, तर तुम्ही राहत्या घराचा अनिवासी कर भरत बसाल. इमारतीचं वर्ष बघा, ओसी (राहायला परवानगी देणारा पालिकेचा दाखला) कधीची आणि नोंदीत काय. झोन, म्हणजे रेडी रेकनरने दरासाठी पाडलेला भाग, तोही बघा, कारण रेडी रेकनरमध्ये रस्ता ओलांडला की झोन बदलू शकतो आणि कोपऱ्यावरची इमारत चुकून पलीकडच्या महागड्या झोनमध्ये गेलेली असू शकते.

एक सांगून ठेवतो, मोजणी मागायच्या आधी स्वतःच्या घराकडे बघा. बाल्कनी आत घेतली असेल, गच्चीवर शेड टाकली असेल, तर निरीक्षक आल्यावर क्षेत्रफळ कमी व्हायच्या ऐवजी वाढेल, आणि अनधिकृत बांधकामावर दंडाची तरतूद कायद्यातच आहे. आधी आर्किटेक्टला दाखवा, मग अर्ज करा.

सोसायटीच्या आतला हिशोब

पालिकेशी भांडायच्या आधी हे करा. मुंबईत बऱ्याच ठिकाणी बिल सोसायटीच्या नावाने येतं आणि मग सोसायटी ते मेंटेनन्समध्ये वाटून घेते. हे वाटप पालिकेने ज्या घराला जो कर लावलाय त्याप्रमाणे व्हायला हवं, समान भाग करून नाही. आमच्या सोसायटीत लहान-मोठी दोन्ही घरं आहेत. २०२२ नंतर एकूण बिल बरंच खाली आलं, सगळे खूश, पण आलेली रक्कम अकाउंटंटने जुन्या पद्धतीनेच सगळ्यांमध्ये वाटली. म्हणजे ज्यांची घरं ५०० च्या आत, ज्यांना शून्य यायला हवं होतं, ते मोठ्या घरांच्या करातला वाटा भरत होते. त्यात एक एकट्या राहणाऱ्या काकू, पेन्शनवर, दर महिन्याला मुकाट भरत होत्या. मुद्दाम कोणी केलं नव्हतं, कोणी तपशील उघडून बघितलाच नव्हता. मी कमिटीत होतो, मलाही ते दीड वर्षाने दिसलं आणि आजही त्याचं वाईट वाटतं. मग घरनिहाय तपशील काढला, सर्वसाधारण सभेत ठेवला, दोन तास वाद झाला, मोठ्या घरवाल्यांना जास्त भरावं लागणार होतं त्यामुळे नाराजी होणारच, पण ठराव झाला आणि जादा घेतलेले पैसे मेंटेनन्समधून वळते केले.

तुमच्याकडे काय चाललंय ते विचारा, लेखी विचारा. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायची असते, विषयपत्रिकेत मालमत्ता कराचं वाटप हा विषय घ्यायला सांगा. आपल्या घरात असा हिशोब ठेवून बाहेर न्याय मागायला गेलं तर आपलेच सभासद मोहिमेत मनापासून येत नाहीत.

कागद मिळवा

बिलावर भांडवली मूल्याचा आकडा दिसतो, पण तो कसा आला हे नीट बघायचं तर मूल्यनिर्धारणाचा तपशील आणि इन्स्पेक्शन एक्स्ट्रॅक्ट (पालिकेच्या नोंदवहीतला तुमच्या मालमत्तेचा उतारा) लागतो. आधी साधा अर्ज करा, बिलावरचा एसएसी नंबर टाकून, कारण तोच तुमच्या मालमत्तेचा खाते क्रमांक, त्याशिवाय फाइल सापडत नाही. आवक विभागात द्या आणि पोच घ्या, शिक्का आणि तारीख असलेली. पोच नसलेला अर्ज म्हणजे केलेलाच नाही असं समजा.

अर्जाने नाही मिळालं तर माहितीचा अधिकार. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमात अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांत हवा, लोक दोन पानी कैफियत लिहितात आणि अर्ज तिथेच अडकतो. 'माझा कर जास्त का?' असं विचारायचं नाही, ती माहिती नाही, तो प्रश्न आहे. असं विचारा: एसएसी क्रमांक अमुक या मालमत्तेच्या भांडवली मूल्याच्या गणनेत धरलेला रेडी रेकनर दर, झोन क्रमांक, कारपेट क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, वय आणि वापर यांचे भारांक, तसंच मागील मोजणीच्या अहवालाची प्रमाणित प्रत मिळावी. एवढंच. नाही दिलं तर प्रथम अपील, मग राज्य माहिती आयोग.

तक्रार करताना

मूल्य पहिल्यांदा लागलं किंवा वाढवलं की नोटीस येते आणि तिच्यावर तक्रारीची मुदत असते, ही मुदत चुकवू नका, अर्धी प्रकरणं इथेच मरतात. नोटीस सोसायटीच्या ऑफिसात येऊन फाइलला लागते आणि सभासदाला कळतच नाही, म्हणून सेक्रेटरीला सांगून ठेवा की अशी नोटीस आली की त्याच दिवशी फोटो काढून ग्रुपवर टाका. कायद्याच्या कलम १६३ खाली लेखी तक्रार, मग सुनावणीची तारीख, मग निर्णय, असा क्रम आहे.

तक्रारीचं पत्र एक पान. वरती एसएसी नंबर, पत्ता, कोणत्या वर्षाचं मूल्य. मग चूक काय, नोंदीत किती, खरं किती, पुरावा कुठला, आणि काय दुरुस्ती हवी. जोडायचं काय, तर ॲग्रीमेंट आणि इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), मंजूर प्लॅन, ओसी, आर्किटेक्टचं कारपेट क्षेत्रफळाचं सर्टिफिकेट, झोनचा वाद असेल तर रेडी रेकनरचं पान आणि नकाशा. महागाई, ईएमआय, रस्त्यातले खड्डे हे सगळं खरं असलं तरी या पत्रात नको, सुनावणी घेणाऱ्याला त्यावर निर्णय देताच येत नाही. सुनावणीला दोघं जा, एकजण बोलेल आणि दुसरा लिहून घेईल, आणि निर्णय लेखीच मागा.

आणि पैसे? भरत राहा. थकलेल्या रकमेवर महिन्याला २ टक्के दंड चढतो, म्हणजे वर्षाला २४, कुठलंही घरकर्ज इतकं महाग नसतं. हरकत कायम ठेवून भरत आहोत असं पत्र देऊन भरा. 'सगळ्यांनी मिळून कर भरायचाच नाही' असे मेसेज फिरतात, त्यांच्या नादी लागू नका, वाद जिंकलात तरी दंडात हराल. 'वरून सेटिंग करून देतो' म्हणणाऱ्या एजंटला तर दारातही उभं करू नका, पैसे घेऊन तो नोंदीत काय फिरवेल आणि पुढे ते तुमच्यावर कसं येईल याचा नेम नाही.

आता मोहीम: शेजारच्या बिल्डिंगा जोडा

एका घराची चूक तक्रारीने सुटते, पण नियमच चुकीचा असेल तर एकट्याने काही होत नाही. मुंबईतलं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे प्रॉपर्टी ओनर्स असोसिएशनची केस. २०१० आणि २०१५ च्या भांडवली मूल्य नियमांना त्यांनी आव्हान दिलं, मुद्दा असा की मोकळ्या जमिनीवर उद्या किती बांधकाम होऊ शकेल ते धरून आज कर लावायचा का. २०१९ मध्ये हायकोर्टाने नियम २०, २१, २२ रद्द केले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो निकाल कायम केला: जमीन आज जशी आहे तशी धरा. इतकी वर्षं लागली, पण मुद्दा एकच होता आणि तो शेवटपर्यंत सोडला नाही. दुसरं उदाहरण कोर्टाबाहेरचं, डिसेंबर २०२३ मध्ये वाढीव बिलं ऑनलाइन दिसायला लागली, शहरभर ओरड झाली, ती बिलं मागे घेतली गेली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये जुन्या दराने बिलं निघाली. मात्र ओरडीने वाढ पुढे ढकलली जाते, नियम बदलत नाही, हा फरक ध्यानात ठेवा.

सुरुवात आठ-दहा सोसायट्यांपासून करा, एकाच रस्त्यावरच्या किंवा एकाच झोनमधल्या. एएलएम (पालिकेसोबत काम करणारा रस्त्या-गल्लीतल्या रहिवाशांचा गट) असेल तर तीच चालवा, घाटकोपरच्या जोशी लेनमध्ये नव्वदच्या दशकात कचऱ्याच्या प्रश्नावर शेजारी असेच एकत्र आले होते. प्रत्येक सोसायटीतून एक माणूस घ्या, शक्यतो आकड्यांत रमणारा, रिटायर्ड बँकवाले यात फार उपयोगी पडतात हा माझा अनुभव. मग एक्सेलमध्ये एकच तक्ता करा: इमारत, बांधकामाचं वर्ष, झोन, एकूण कारपेट, निवासी-अनिवासी, वर्षाचा कर, आणि शेवटच्या रकान्यात प्रति चौरस मीटर कर. नावं टाकू नका, थकबाकी तर अजिबात नको, शेजाऱ्याची थकबाकी ग्रुपवर फिरली की मोहीम तिथेच संपते.

हा शेवटचा रकाना चढत्या क्रमाने लावा, इमारती वर-खाली झालेल्या दिसतील. सारख्या वयाच्या, सारख्या झोनमधल्या दोन इमारतींत मोठा फरक दिसला तर एकीच्या नोंदीत चूक असू शकते. जुनी इमारत नव्यापेक्षा महाग दिसत असेल तर वयाची नोंद तपासा. सगळ्याच इमारती पलीकडच्या रस्त्यापेक्षा महाग असतील तर मग वाद झोनचा, म्हणजे मुद्रांक विभागाचा. पाच-सहा संध्याकाळी जातात या कामात. पण एकदा तक्ता हातात आला की समोरचा अधिकारी किंवा नगरसेवक वेगळ्या पद्धतीने बोलतो, कारण तुम्ही रडगाणं घेऊन आलेले नसता.

मागणी एक ठेवा, जास्तीत जास्त दोन. नुसतं 'कर कमी करा' लिहिलंत तर पहिला प्रश्न येणार, पैसे कुठून आणायचे? जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला आणि जकात गेली, तेव्हापासून पालिकेच्या स्वतःच्या उत्पन्नात मालमत्ता कराचं वजन फार वाढलंय. त्यामुळे न्याय म्हणजे फक्त माझं बिल कमी असं नाही, सारख्या घराला सारखा कर आणि जो भरतच नाही त्याच्याकडून वसुली, हे पण त्यात आलं. मी आमच्या बाजूने जी मागणी पुढे करतो ती कड्याची: ५०० चौरस फुटांच्या वर एकदम पूर्ण कर न लावता पहिल्या ५०० ला माफी आणि वरच्या क्षेत्रफळावर कर, किंवा ७०० पर्यंत टप्प्याटप्प्याने सवलत. ५२० फुटांच्या घरात पाच माणसं राहणारं कुटुंब हे श्रीमंत नाही हो, पुनर्विकासात थोडी जागा जास्त मिळाली एवढंच. तुमच्या भागात दुसरी मागणी असेल, पण ती अशी असावी की ऐकणाऱ्याला ती कोणत्या कलमात किंवा नियमात बसवायची ते कळेल.

कोणाला, कधी

मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि जवळजवळ चार वर्षं प्रशासक होता, म्हणजे कराबद्दल विचारायला सभागृहच नव्हतं. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीनंतर २२७ नगरसेवक परत आलेत, त्यांना कामाला लावा. नगरसेवकाला फक्त निवेदन देऊन फोटो काढू नका, त्यांना सांगा ठरावाची सूचना मांडा, आणि मसुदा तुम्हीच लिहून द्या, चार ओळींचा, सोबत तक्ता. एका नगरसेवकापेक्षा वेगवेगळ्या पक्षांचे तीन बरे, नाहीतर मोहिमेवर एका पक्षाचा शिक्का बसतो आणि निम्म्या सोसायट्या गळतात.

पालिकेचं बजेट फेब्रुवारीत येतं, म्हणून दराबद्दल बोलायचं असेल तर डिसेंबर-जानेवारीतच सूचना पाठवा, मार्चमध्ये ओरडून उपयोग नाही. रेडी रेकनर एप्रिलपासून लागू होतो, झोनची तक्रार त्याच्या दोन-तीन महिने आधी मुद्रांक विभागाकडे लेखी गेलेली हवी. कायद्यातला बदल हवा असेल तर आमदार. अधिवेशनं मार्चच्या आसपास आणि पावसाळ्यात मुंबईत, हिवाळ्यात नागपुरात, त्याच्या महिनाभर आधी आमदाराला भेटा आणि तारांकित प्रश्न किंवा लक्षवेधी (मंत्र्याला सभागृहात उत्तर द्यावं लागतं असे मार्ग) टाकायला सांगा. ५०० ची माफी शेवटी विधिमंडळाच्याच मार्गाने आली, हे सांगितलं की त्यांना हात झटकता येत नाहीत.

पेपरवाल्यांना तक्ता द्या, भाषण नको. बातमी येते ती '४९९ ला शून्य, ५०१ ला इतके हजार' यावर, स्वतःच्या इमारतीतली दोन खरी बिलं, नावं झाकून.

तक्रार फेटाळली तर

कलम २१७ खाली लघुवाद न्यायालयात अपील करता येतं, धोबीतलावला. दोन अटी महत्त्वाच्या: आधी पालिकेकडे रीतसर तक्रार केलेली आणि निकालात निघालेली असली पाहिजे, आणि कराची रक्कम जमा केलेली असली पाहिजे. मुदत फार कमी दिवसांची असते, म्हणून निर्णयाची प्रत हातात पडली त्याच आठवड्यात वकील गाठा, या कोर्टात नेहमी उभा राहणारा. एकाच मुद्द्याच्या पाच-सहा सोसायट्या असतील तर एकच वकील करा आणि फी वाटून घ्या, प्रत्येकीचं अपील वेगळं राहू दे. फीचा ठराव सभेत आधीच करून ठेवा, ऐनवेळी सभा बोलवायला लागणारी नोटीस आणि अपिलाची मुदत यांची गाठ पडत नाही.